बाटलीवरील शब्द : युरॅनिल ॲसिटेटाच्या निमित्ताने सुरक्षा-सूचनांच्या मराठीची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुधा शब्द संस्कृतातून घ्यावा की इंग्रजीतून, तो शुद्ध आहे की भ्रष्ट, सुलभ आहे की क्लिष्ट, एवढ्याच प्रश्नांभोवती फिरत राहते. पाठ्यपुस्तकातील संज्ञेला ही कसोटी एक वेळ पुरेल. परंतु ज्या शब्दावर वाचणाऱ्याच्या शरीराचे हित अवलंबून असते त्याला ती पुरत नाही. तेथे निराळाच प्रश्न विचारावा लागतो : हा शब्द वाचल्यावर वाचणाऱ्याचे हात काय करतील? ते योग्य तेथे थांबतील काय, आणि जेथे भय नाही तेथे निष्कारण अडखळणार नाहीत काय? या प्रश्नाच्या कसोटीवर ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द आणि त्याच्या सोबतीने येणारी सूचना-मराठी घासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी विद्यापीठीय प्रयोगशाळांत आढळणारे युरॅनिल ॲसिटेट हे एकच रसायन घेतले आहे. कारण त्याच्या बाबतीत शब्द आणि वस्तू यांतील अंतर विशेष स्पष्ट दिसते.

१. वस्तू

युरॅनिल ॲसिटेट हे पिवळ्या रंगाचे, किंचित शिर्क्याच्या वासाचे, पाण्यात विरघळणारे स्फटिकी लवण होय. त्याचा मुख्य उपयोग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाच्या जैव नमुन्यांच्या रंजनासाठी होतो. युरेनियमचे जड अणू इलेक्ट्रॉनांना जोराने विखुरतात, त्यामुळे एरवी अस्पष्ट राहणाऱ्या पेशींच्या रचना गडद उठून दिसतात. रंजनासाठी बहुधा एक ते दोन टक्क्यांचा द्राव वापरतात. म्हणजे शंभर मिलिलिटर पाण्यात एक ते दोन ग्रॅम लवण पुरते. द्राव प्रकाशाने बिघडतो व त्यात साका बसतो, म्हणून तो तपकिरी बाटलीत, अंधारात ठेवतात.

बाजारात मिळणारे हे लवण बहुतांशी ज्याला ‘क्षीण’ युरेनियम म्हणतात त्यापासून तयार केलेले असते. नैसर्गिक युरेनियमात युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे प्रमाण सुमारे ०.७२ टक्के असते. अणुभट्टीच्या इंधनासाठी ते काढून घेतल्यावर जे उरते ते क्षीण युरेनियम. त्यात मुख्यत्वे युरेनियम-२३८ असते व त्याचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे आहे. ज्या द्रव्याचे अर्धायुष्य इतके दीर्घ, त्याचे अणू मोठ्या सावकाशीने फुटतात. म्हणून वजनाच्या मानाने त्याची क्रिया मंद असते. या लवणाच्या एका ग्रॅमची क्रिया साधारणपणे १४ ते १९ हजार बेकरेल भरते. तुलनेसाठी असे म्हणता येईल की प्रौढ मनुष्याच्या शरीरात पोटॅशियम-४० या नैसर्गिक समस्थानिकाची क्रिया सुमारे चार हजार बेकरेल असते.

युरेनियम-२३८ मधून निघणारे अल्फा कण बाटलीच्या काचेतूनच काय, पण त्वचेच्या बाहेरील मृत थरातूनही आत जाऊ शकत नाहीत. युरेनियमपासून क्रमाने उत्पन्न होणारी थोरियम-२३४ व प्रोटॅक्टिनियम-२३४ ही द्रव्ये बीटा कण टाकतात, आणि त्यांतील काही कण त्वचा भेदण्याइतके जोरकस असतात. म्हणून बाटली फार वेळ मुठीत धरू नये हे खरे. तथापि बंद बाटलीपासून हातभर अंतरावर बसणाऱ्या मनुष्याला तिच्यापासून पोचणारी मात्रा अल्प असते. हीच पूड श्वासाबरोबर अथवा बोटांवाटे पोटात गेली, म्हणजे मात्र चित्र पालटते. विरघळणारी युरेनियम-लवणे रक्तात मिसळून मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांना इजा करतात. ही इजा जड धातूच्या रासायनिक विषारीपणाची आहे; शिसे व पारा यांच्या जातीचीच ती होय. त्यातून, एरवी कागदानेही अडणारा अल्फा कण शरीराच्या आतच सुटू लागला, की त्याला अडविणारी कातडी मध्ये उरत नाही.

सारांश, या रसायनाचा मुख्य धोका बाटलीतून बाहेर येणाऱ्या किरणांत नसून बाटली उघडल्यावर बाहेर येणाऱ्या पुडीत आहे. बाटलीवरील सूचनेने जर काही सांगावयाचे असेल तर ते प्रथम हेच होय. ते ती सांगते काय?

२. शब्द

‘रेडिओॲक्टिव्ह’ या अर्थी मराठीत ‘किरणोत्सर्गी’ व ‘किरणोत्सारी’ असे दोन शब्द चालतात. पहिल्यात उत् + सृज् (सोडणे, टाकणे) हा धातू आहे, दुसऱ्यात उत् + सृ (सरणे, बाहेर निघणे) हा. दोन्ही शब्द सुघटित आहेत व दोहोंत विशेष असे काही उणे नाही. मूळ फ्रेंच शब्द क्यूरी दांपत्याने १८९८ साली योजला. त्याच्या दोन वर्षे आधी पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना ज्या लवणाने काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्रणाची काच काळवंडलेली दिसली, ते पोटॅशियम युरॅनिल सल्फेट होते. म्हणजे ज्या बाटलीचा येथे विचार चालू आहे तिच्याच कुळातले. त्या प्रसंगी निरीक्षकाला अपूर्व वाटले ते किरणांचे बाहेर पडणे. त्यामुळे नाव पडले ते किरणांवरून, आणि मराठी शब्दाने तोच विशेष उचलला. शोधाच्या दृष्टीने हे नामकरण यथार्थ होते. हाताळणीच्या दृष्टीने ते अपुरे आहे.

याचे पहिले कारण असे, की ‘किरणोत्सर्गी’ हे विशेषण द्रव्याचा नित्य गुण सांगते. द्रव्य किती आहे, कोणत्या रूपात आहे, कोठे आहे, यांचा त्यात समावेश नाही. चिमूटभर युरॅनिल ॲसिटेट आणि कर्करोगावरील उपचारासाठी वापरलेला कोबाल्ट-६० चा स्रोत, दोन्ही ‘किरणोत्सर्गी’च. पहिल्याच्या बंद बाटलीशेजारी दिवसभर बसता येते, तर दुसऱ्याच्या उघड्या स्रोताशेजारी काही मिनिटेही प्राणघातक ठरू शकतात. धोका हा गुण नसून संबंध आहे : द्रव्य, मात्रा, मार्ग आणि काळ यांचा. गुणवाचक विशेषणाने संबंध सांगण्याचा प्रयत्न केला म्हणजे अर्थ एक तर फुगतो किंवा आटतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शास्त्रात तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या मानल्या जातात : द्रव्याचा किरण टाकण्याचा गुण, प्रत्यक्ष बाहेर पडलेले प्रारण, आणि असे द्रव्य नको तेथे जाऊन चिकटणे, म्हणजे संदूषण. मराठी वृत्तपत्रांत व लोकप्रिय लेखनात या तिन्हींसाठी ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द राबविला जातो. ‘किरणोत्सर्गाची गळती झाली’, ‘त्याला किरणोत्सर्गाची बाधा झाली’, ‘कपड्यांवर किरणोत्सर्ग आढळला’ ही वाक्ये कानाला खटकत नाहीत. परंतु पहिल्यात गळले ते द्रव्य की सुटले ते किरण, हे कळण्यास मार्ग नाही. हा भेद केवळ शब्दपांडित्याचा नव्हे. प्रारणापासून दूर सरता येते, आडोसा करता येतो, आणि सामान्यतः स्रोत हलविला की ते संपते. संदूषण मात्र हातावर, तराजूवर, दाराच्या मुठीवर राहते व मनुष्याबरोबर घरी जाते. पहिल्यावर उपाय अंतराचा, दुसऱ्यावर स्वच्छतेचा. एकच नाव दिले की एकच उपाय सुचतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो : बंद बाटलीला लोक भितात, आणि तराजूच्या तबकाभोवती सांडलेली पिवळी पूड फुंकर मारून उडवितात.

याच संदर्भात ‘क्षीण’ या शब्दाचाही विचार केला पाहिजे. व्यवहारात ‘क्षीण’ म्हणजे दुबळा, शक्ती ओसरलेला. येथे जे क्षीण झाले आहे ते केवळ युरेनियम-२३५ चे प्रमाण. मूत्रपिंडाला इजा करणारा रासायनिक गुण सर्व समस्थानिकांत सारखाच असल्यामुळे तो तसूभरही क्षीण झालेला नसतो. ‘हे क्षीण युरेनियम आहे, काळजी नको’ हे वाक्य म्हणून शास्त्राच्या एका शाखेत जवळपास खरे व दुसऱ्या शाखेत खोटे आहे.

‘संदूषण’ हा शब्द सामान्य वाचकाला परका आहे, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्याचा अर्थ उलगडून सांगताना ‘विटाळ’ ही कल्पना वापरण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. विटाळाची कल्पना व्यक्तीला व जातीला चिकटलेली आहे, आणि तिच्यात वस्तुस्थितीपेक्षा समजुतीचा भाग मोठा. ज्या समाजाने त्या कल्पनेची किंमत मोजली आहे त्याच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा आणणे अनुचित, आणि शास्त्रदृष्ट्याही अयथार्थ होय. मराठी स्वयंपाकघरात याहून नेमका शब्द आहे : ‘खरकटे’. खरकटा हात ही प्रत्यक्ष द्रव्य चिकटल्याची अवस्था आहे. ती कोणाच्याही हाताला येते, ज्याला हात लावू त्याला लागते, आणि धुतल्याने जाते. खरकट्या हाताने लोणच्याची बरणी उघडू नये हे घरोघरी मुलांना सांगावे लागते. हातमोजा घातलेला हात हा प्रयोगशाळेतला खरकटा हात होय. त्याने दाराची कडी, दूरध्वनी, लेखणी यांना स्पर्श करावयाचा नसतो. दृष्टान्ताची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. घरचे खरकटे मोरीत जाते. हे खरकटे मोरीत जाता कामा नये, आणि त्याचे धुवणसुद्धा वेगळ्या भांड्यात जमा करावे लागते.

३. चिन्हे

शब्द अपुरा पडतो तेथे चिन्ह साहाय्याला येते, अशी अपेक्षा असते. तीन पात्यांचे सुपरिचित चिन्ह १९४६ साली अमेरिकेत बर्कली येथील प्रयोगशाळेत तयार झाले; पुढे पिवळ्या पार्श्वभूमीवर ते सर्वत्र रूढ झाले. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध येथे सर्वस्वी सांकेतिक आहे. ज्याला संकेत ठाऊक नाही त्याला ती पाती पंख्याची किंवा विमानाच्या पंख्याची वाटू शकतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था व आंतरराष्ट्रीय मानक संघटना यांनी २००७ साली मोठ्या स्रोतांसाठी एक पूरक चिन्ह जाहीर केले. त्यात पात्यांखाली निघणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा मनुष्य दाखविला आहे. हे चिन्ह ठरविण्यापूर्वी भारतासह अकरा देशांत १६५० लोकांकडून ते पारखून घेण्यात आले होते. सूचनेचा अर्थ रचणाऱ्याने ठरवावयाचा नसून वाचणाऱ्याकडे जाऊन तपासावयाचा असतो, हे तत्त्व या उपक्रमात मान्य झाले, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे खरे मोल तेच आहे.

युरॅनिल ॲसिटेटाच्या बाटलीवर दोन चिन्हभाषा एकत्र येतात. रसायनांच्या धोक्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीत नऊ चित्रे आहेत. त्यांत किरणोत्सर्गासाठी एकही नाही, कारण तो विषय त्या पद्धतीच्या कक्षेबाहेर ठेवलेला आहे. या पद्धतीनुसार युरेनियमच्या संयुगांवर कवटीचे चित्र येते, आणि गिळल्यास अथवा श्वासावाटे गेल्यास प्राणघातक, वारंवार संपर्काने अवयवांना इजा करणारे, जलचरांना विषारी, अशी विधाने येतात. तीन पात्यांचे चिन्ह निराळ्या नियमसंहितेतून येते. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र दोहोंत समान वाटले जात नाही. पात्यांना अणुबाँबच्या स्मृतीचे वलय आहे. कवटी उंदराच्या औषधावरही असते. अशा रीतीने अधिक निकटचा धोका सांगणारे चिन्ह कमी निकटच्या धोक्याच्या चिन्हामागे लपते.

४. वाक्यरचना

उत्पादकाचे माहितीपत्रक इंग्रजीत असते व ते वाचणारा संशोधक द्राव तयार करून निघून जातो. मेज पुसणे, भांडी विसळणे, कचरा उचलणे ही कामे प्रयोगशाळा-परिचर करतो, आणि त्याच्यापर्यंत जी मराठी पोचते ती बहुधा ‘योग्य ती काळजी घ्यावी’, ‘सुरक्षित ठिकाणी ठेवण्यात यावे’, ‘निष्काळजीपणा करू नये’ अशा साच्याची असते.

या वाक्यांचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. ‘-आवे’ हे प्रत्ययान्त रूप, ज्याला वाख्यात म्हणतात, मराठीत कर्तव्य, विनंती, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ वाहते. ‘त्याने गावे आणि आपण ऐकत राहावे’ यात आज्ञा नाही; ‘पाणी उकळून प्यावे’ यात सल्ला आहे; ‘अर्ज दोन प्रतींत करावा’ यात नियम आहे. कोणता अर्थ घ्यावयाचा ते प्रसंगावरून ठरते. निषेधार्थी ‘-ऊ नये’चीही तीच गत. ‘खोटे बोलू नये’ आणि ‘तोंडाने पिपेट ओढू नये’ ही दोन वाक्ये एकाच साच्यातून निघतात. पहिले सुवचन आहे. ते सर्वांनी ऐकलेले आहे आणि त्याचा भंगही सर्वांनी केलेला आहे. दुसऱ्याला तोच साचा दिल्याने तेही सुवचनांच्या रांगेत जाऊन बसते व तेवढ्याच आदराने दुर्लक्षिले जाते.

‘ठेवण्यात यावे’ या रचनेत आणखी एक वैगुण्य आहे. तीत कर्ता नाही, आणि तो नसल्याचे खटकतही नाही. मराठी कार्यालयीन भाषेने ही रचना इतकी आत्मसात केली आहे की कर्ता वगळणे हेच औपचारिकतेचे लक्षण होऊन बसले आहे. कोणी ठेवावे? परिचराने, विद्यार्थ्याने की विभागप्रमुखाने? ‘सुरक्षित ठिकाण’ म्हणजे कोणते? ‘योग्य ती’ म्हणजे कोणती? सूचना ज्याला विचारते आहे त्यालाच ती उत्तर ठरवावयास सांगते. अशा वाक्याने वाचणाऱ्याचे रक्षण होत नाही. पुढे काही विपरीत घडले तर ‘सूचना दिलेली होती’ एवढे म्हणण्याची सोय मात्र लिहिणाऱ्याला होते.

याचा प्रत्यय एका साध्या कृतीत येतो. ‘सांडल्यास त्वरित स्वच्छ करण्यात यावे’ ही सूचना वाचून परिचर झाडू घेईल. त्याच्या व्यवसायात स्वच्छ करणे म्हणजे प्रथम झाडणे. कोरड्या पुडीवर झाडू फिरला की ती हवेत उडते, आणि जो धोका टाळावयाचा तोच साक्षात श्वासात येतो. सूचनेचे पालन करणाराच येथे अपायात सापडतो. ‘झाडू नका, ओला कागद ठेवून टिपून घ्या’ या सात शब्दांत जे आहे ते वरील भारदस्त वाक्यात नाही.

५. साठवण आणि स्मरण

शब्दाचा दोष कपाटातही उतरतो. ‘किरणोत्सर्गी रसायने’ अशी चिठ्ठी लावलेल्या एका कपाटात युरॅनिल ॲसिटेट, युरॅनिल नायट्रेट व थोरियम नायट्रेट शेजारी शेजारी ठेवली जाणे स्वाभाविक आहे. परंतु नायट्रेटे ही ऑक्सिडीकारक आहेत. त्यांना लाकूड, कागद व सेंद्रिय द्रावक यांच्यापासून दूर ठेवावे लागते, आणि नायट्रेटात भिजून वाळलेला कागद सहज पेट घेतो. युरॅनिल नायट्रेटाचा ईथरमधील द्राव तर सूर्यप्रकाशात स्फोट पावू शकतो. थोरियमची गोष्ट आणखी वेगळी. ट्रॉम्बे येथे १९५५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात थोरियम नायट्रेट तयार होई व ते गॅसबत्तीच्या जाळ्यांसाठी वापरले जाई. या लवणातून थोरॉन हा वायू सतत उत्पन्न होतो. त्याचे अर्धायुष्य अवघे ५६ सेकंदांच्या आसपास असले, तरी वायू असल्यामुळे तो बुचाच्या फटीतून निसटू शकतो व आपल्यामागे घनरूप अपत्यद्रव्ये ठेवून जातो. म्हणून अशी बाटली हवा खेळती असलेल्या जागी ठेवावी लागते. एका विशेषणाने तीन भिन्न स्वभावांच्या वस्तू एका फळीवर आणल्या. वर्गीकरण भाषेने केले आणि जोखीम रसायनाने वाढली.

साठवणीचा दुसरा अंग म्हणजे काळ. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ मध्ये एका सोडून दिलेल्या उपचारकेंद्रातील यंत्रातून सीझियम-१३७ चे क्लोराइड भंगारात गेले. हेही एक विरघळणारे, पुडीसारखे लवणच. अंधारात दिसणाऱ्या त्याच्या निळसर प्रकाशाचे कुतूहल वाटून लोकांनी ते हाताळले, वाटून घेतले, अंगाला लावले. चार माणसे दगावली. सुमारे २५० जणांच्या शरीरावर किंवा शरीरात ते आढळले. दिल्लीतील मायापुरी येथे २०१० मध्ये घडलेल्या अपघाताचा स्रोत कोबाल्ट-६० हा होता. तो विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून वापरात नसलेल्या एका उपकरणातून आला होता. ते उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. या स्रोतांची शक्ती युरॅनिल ॲसिटेटाच्या बाटलीच्या लाखो पटींनी अधिक होती. धोक्याची तुलना येथे अभिप्रेत नाही. तुलना आहे ती विस्मरणाची. दोन्ही ठिकाणी वस्तू टिकली आणि तिच्याविषयीचे ज्ञान टिकले नाही. ज्यांना ठाऊक होते ते निवृत्त झाले किंवा निघून गेले, आणि वस्तूने स्वतः काही सांगितले नाही. युरेनियम-२३८ च्या अर्धायुष्यापुढे अध्यापकाची तीस वर्षांची नोकरी ती काय! तेव्हा बाटलीवरील मजकूर आणि नोंदवहीतील नोंद हीच त्या वस्तूची वाचा होय. द्रव्य, वजन, आणल्याचे वर्ष, उघडल्याची तारीख, शिल्लक, जबाबदार पदाधिकारी आणि विल्हेवाटीचा मार्ग यांची नोंद हा साठवणीचा गाभाच मानला पाहिजे. तो कारकुनी उपचार नव्हे.

६. निष्कर्ष

वरील चिकित्सेतून ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द टाकून द्यावा असे निष्पन्न होत नाही. शब्द रूढ आहे, सुघटित आहे, आणि त्याच्या जागी दुसरा आणल्याने दोष जाणार नाही. कारण दोष शब्दाच्या घडणीत नसून त्याच्यावर टाकलेल्या भारात आहे. एका विशेषणाने संपूर्ण सूचनेचे काम करावे ही अपेक्षाच अवाजवी. गुण, प्रारण व संदूषण या तिहींसाठी तीन शब्द काटेकोरपणे वापरणे, धोक्याचा मार्ग प्रथम सांगणे, आणि कृतीचा कर्ता व साधन वाक्यात ठेवणे, एवढे केले तरी सूचना-मराठी पुष्कळ सुधारेल. युरॅनिल ॲसिटेटाच्या बाटलीसाठी तिचे रूप पुढीलप्रमाणे असू शकेल :

‘ही पूड विषारी आहे. श्वासातून किंवा तोंडातून पोटात गेली तर मूत्रपिंडांना इजा होते. ती किरणोत्सर्गीही आहे. बाटली फक्त फ्यूम हूडमध्ये, ट्रेवर ठेवून, हातमोजे घालून उघडा. मोजे घातलेल्या हाताने दुसऱ्या कशालाही स्पर्श करू नका. येथे खाऊ-पिऊ नका. पूड सांडली तर झाडू नका. ओल्या कागदाने टिपा. तो कागद, मोजे आणि धुवणाचे पाणी खूण केलेल्या डब्यांत टाका. मोरीत ओतू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. बाटली दुसऱ्या बंद डब्यात घालून कुलपाच्या कपाटात ठेवा व नोंदवहीत शिल्लक लिहा. शंका आल्यास किरणसुरक्षा अधिकाऱ्यास कळवा.’

या मजकुरात ‘किरणोत्सर्गी’ हा शब्द एकदाच आला आहे, ‘योग्य’ व ‘सुरक्षित’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत, आणि प्रत्येक क्रियापद वाचणाऱ्याला उद्देशून आहे. तो अंतिम आहे असा दावा नाही. त्याची खरी परीक्षा परिभाषा-समितीत नव्हे, तर परिचराच्या हातात कागद देऊन आणि त्याने काय केले ते पाहून व्हावयाची आहे. मराठीच्या विभागांनी आणि विज्ञानाच्या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे, आणि त्याला फार मोठ्या साधनसामग्रीची आवश्यकता नाही. शब्दकोशातील प्रतिशब्द चुकला तर पुढील आवृत्तीत दुरुस्त होतो. बाटलीवरील वाक्य चुकले तर ते वाचणाऱ्याला दुसरी आवृत्ती मिळेलच असे नाही.